शाळेची हद्द आणि ओढ्याची वाट: पुण्याहून ऑकलंडच्या किनाऱ्यावर गेलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब माझ्या ओळखीचं आहे. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे, पण ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुण्यात सहकारनगरला राहणारे चौघं आणि आजी. मुलांची आई स्ट्रक्चरल इंजिनियर, बाबा एका छोट्या कंपनीत हिशेब सांभाळणारे. थोरली मुलगी पंधराची, दहावीत. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा.

न्यूझीलंडनं 2022 च्या जुलैअखेर आपल्या सीमा पूर्णपणे उघडल्या. त्याच महिन्यात नोकरी देणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांसाठीचा नवा वर्क व्हिसा सुरू झाला आणि आईला ऑकलंड शहराच्या मध्यभागी नोकरी मिळाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती एकटी पुढे गेली. बाकीच्यांनी मागून यायचं, हे ठरलेलं होतं. कधी आणि कुठे, हे ठरायचं होतं.

‘कुठे’चा कल मात्र तिच्या मनात आधीच होता. ती मूळची दापोलीजवळची. लग्नानंतर अठरा वर्षं पुण्यात काढली, पण समुद्राची ओढ सुटली नव्हती. खाडीवरच्या हार्बर ब्रिजच्या पलीकडचा नॉर्थ शोअर हा भाग तिनं पहिल्याच रविवारी पाहिला. टाकापूना, मिलफर्ड, मायरंगी बे, ब्राउन्स बे अशी एकामागोमाग एक पुळणी, आणि समोर रांगितोतो हा ज्वालामुखीचा डोंगर समुद्रातून वर आलेला. त्या रात्री तिनं घरी फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, “हे आपलं मुरुड-हर्णेच, फक्त नारळ नाहीत.”

अडचण

न्यूझीलंडमध्ये चांगल्या सरकारी शाळेला लागून घर घेणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन कळत नाही. तिथे बऱ्याच शाळांना ‘झोन’ असतो, म्हणजे नकाशावर आखलेली हद्द. हद्दीत राहणाऱ्या मुलाला प्रवेशाचा हक्क असतो. हद्दीबाहेरच्या मुलाला जागा उरली तरच, तीही ठरलेल्या अग्रक्रमानं आणि सोडत काढून. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे झोन असू शकतात. बाहेरच्यांचे अर्ज आदल्या वर्षीच ठरावीक तारखेपर्यंत घेतात, त्यामुळे डिसेंबरात उतरणाऱ्या कुटुंबाला सोडतीचा रस्ता बंदच असतो. उरतो एकच मार्ग: हद्दीतलं घर.

नॉर्थ शोअरच्या सरकारी माध्यमिक शाळांची ख्याती मोठी आहे. मुलामुलींच्या दोन वेगळ्या वेस्टलेक शाळा, टाकापूना ग्रामर, आणि तीन हजारांवर विद्यार्थी असलेलं, देशातलं सगळ्यात मोठं रांगितोतो कॉलेज. थोरली यांपैकी कोणत्या शाळेत गेली ते इथे महत्त्वाचं नाही. वर्क व्हिसावर आलेल्यांची मुलं स्थानिक विद्यार्थी धरली जातात, म्हणून शिकवणीची फी नव्हती. तीच मुलगी परदेशी विद्यार्थिनी म्हणून गेली असती तर वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागले असते.

दुसरा पेच खास आपल्याकडचा होता. थोरली दहावीत होती. महाराष्ट्र बोर्डाची परीक्षा 2 मार्च 2023 ला सुरू होणार होती, आणि ऑकलंडचं शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

पर्याय

पहिला पर्याय: बाबा आणि मुलांनी मार्चअखेरपर्यंत पुण्यात थांबायचं, दहावी उरकायची, मग जायचं. आजी, आत्या, सोसायटी, क्लासचे सर, सगळ्यांचं मत हेच. “दहावीचं वर्ष कुणी सोडतं का?” हे वाक्य त्या घरानं तीन महिन्यांत किती वेळा ऐकलं, याचा हिशेब हिशेबनीस बाबांनीही ठेवला नाही.

दुसरा पर्याय: डिसेंबरात सगळ्यांनी जायचं, थोरलीनं नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून तिथल्या इयत्ता अकरामध्ये बसायचं. तिच्या वयाला तीच इयत्ता येत होती. तिथे याच इयत्तेत एनसीईए या राष्ट्रीय शालेय प्रमाणपत्राची पहिली पातळी सुरू होते. त्यात आपल्यासारखा एका परीक्षेवर निकाल नसतो. वर्षभर विषयवार मूल्यांकनं होतात, प्रत्येकाचे काही क्रेडिट मिळतात, काही परीक्षा वर्षाअखेर असतात. त्या वर्षी पहिल्या पातळीला 80 क्रेडिट लागत होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिलं सत्र संपणार होतं. दहावी देऊन मुलगी पोचेपर्यंत ते सत्र हातचं गेलेलं असतं.

तिसरा पर्याय मधला: आत्ता जायचं आणि मार्चमध्ये तिनं परीक्षेपुरतं परत यायचं. विमानाचं भाडं, दहावीच्या शाळेची हजेरी आणि नव्या शाळेचे बुडणारे चार आठवडे बघता तो दोन दिवसांत बारगळला.

राहण्याच्या जागेबद्दलही दोन मतं होती. आईच्या ऑफिसातले भारतीय सहकारी सांगत, पुलाच्या अलीकडे माउंट रॉस्किल किंवा सँड्रिंगहॅमला घर घ्या. भाडं कमी, आपली दुकानं जवळ, कढीपत्त्यापासून ज्वारीच्या पिठापर्यंत सगळं मिळतं, देऊळ आहे, शाळाही वाईट नाहीत. हा पर्याय कागदावर बाजी मारणाराच होता. पण पुलापलीकडच्या शाळांची ख्याती, आणि त्याहून जास्त ती पुळण, यांनी निकाल आधीच लावला होता. माझं मत विचाराल तर यात गैर काही नाही. समुद्राजवळ राहावंसं वाटणं हेही एक कारण असतं. फक्त ते कारण आहे असं उघड म्हणावं, शाळेच्या नावाखाली झाकू नये. इथे ते झाकलं गेलं, आणि त्याची किंमत पुढे दिसते.

पुलाची काळजी बाबांना होती. 1959 साली चार पदरी बांधलेला हा पूल दहा वर्षांतच अपुरा पडला आणि 1969 मध्ये जपानमध्ये घडवलेल्या पट्ट्या दोन्ही बाजूंना जोडून तो आठ पदरी केला. तरी सकाळी तुंबतोच. पण 2008 पासून नॉर्थ शोअरला बससाठी वेगळा रस्ता आहे आणि स्मेल्स फार्मच्या थांब्यावरून शहरात चटकन पोचता येतं, हे आईनं आठवडाभर स्वतः करून पाहिलं आणि तो मुद्दा मिटला.

निर्णय: घर

नोव्हेंबरमध्ये आईनं मिलफर्ड आणि आसपासची अकरा घरं पाहिली. भाड्याचं घर दाखवण्याची वेळ ठरलेली असते, वीस-पंचवीस माणसं रांगेत उभी असतात, आणि जिथे आधीच्या घरमालकाची शिफारस मागतात तिथे नवख्या माणसाकडे द्यायला काही नसतं. तिला दोन घरांनी होकार दिला.

एक फॉरेस्ट हिलच्या चढावर. जुनं, दोन खोल्या, तपकिरी गालिचा, पुळणीपासून वीसेक मिनिटं चालत. दुसरं मिलफर्डच्या सखल भागात. तीन खोल्या, खाली गॅरेज आणि एक जास्तीची खोली, पुळण सहा मिनिटांवर, मागे हिरवळ आणि हिरवळीच्या टोकाला पाणी. दोन्ही पत्ते तिला हव्या असलेल्या शाळेच्या हद्दीत. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की झोन दिसतो. तिनं दोन्ही पत्ते तीन-तीनदा टाकून पाहिले, स्क्रीनशॉट घेतले, शाळेच्या कार्यालयाकडून ईमेलनं खातरजमा करून घेतली.

त्याच संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. आजींनी सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, “मागे ते काय दिसतंय? ओढा आहे का गं?”

“ओढा नाही हो आई, क्रीक आहे छोटीशी. बदकं पोहतात त्यात.”

मला या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयबिंदू हाच वाटतो, आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही. मराठी माणसाला क्रीक म्हटलं की ठाण्याची नाहीतर वसईची खाडी आठवते: रुंद, संथ, भरतीओहोटीची. न्यूझीलंडमध्ये क्रीक म्हणजे बहुतेक वेळा ओढाच. वायराऊच्या खोऱ्यातलं पावसाचं पाणी गोळा करून मिलफर्डला समुद्रात सोडणारा हा ओढा आहे. माओरी भाषेत ‘वाय’ म्हणजे पाणी, ते नावातच आहे.

विचारणारी बाई कोण होती हेही लक्षात घ्या. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा याच कुटुंबाच्या सोसायटीच्या पार्किंगमधून दुचाक्या वाहून गेल्या होत्या. ओढा म्हणजे काय हे या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण शब्द बदलला आणि प्रश्न संपला.

आठवड्याला 780 डॉलर भाडं, चार आठवड्यांचं म्हणजे 3,120 डॉलर बाँड (अनामत), बारा महिन्यांचा करार. चढावरचं घर आठवड्याला 90 डॉलरनं स्वस्त होतं.

निर्णय: दहावी

दहावी सोडायची, हे नोव्हेंबरच्या शेवटी ठरलं. कारणं पटण्यासारखी होती: क्रेडिट बुडत नाहीत, कुटुंब चार महिने दोन ठिकाणी राहत नाही, धाकट्याचं वर्ष सरळ सुरू होतं. बारावीच्या बरोबरीची तेरावी इयत्ता डिसेंबर 2025 ला संपणार, म्हणजे पुण्यातल्या मैत्रिणींपेक्षा नऊ महिने उशिरा. ते चालणार होतं.

चर्चा आई-बाबांची झाली, आजींची झाली, क्लासच्या सरांचीही झाली. थोरलीला निकाल सांगितला गेला.

17 डिसेंबरला तिघं ऑकलंडला उतरले. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती. पहिला महिना पुळणीवर गेला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शाळेचं कार्यालय उघडलं. भाडेकरार, विजेचं बिल आणि ‘हेच आमचं खरं राहतं घर’ असं प्रतिज्ञापत्र घेऊन ते गेले. बुधवारी, 25 तारखेला प्रवेश झाला. पत्ता खोटा किंवा प्रवेशापुरता निघाला तर तो रद्द करण्याचा अधिकार शाळेला असतो, हे फॉर्मवर ठळक छापलेलं होतं.

27 जानेवारी 2023

शुक्रवार. सोमवारी ऑकलंडच्या वर्धापनदिनाची सुट्टी. दुपारपासून पाऊस, संध्याकाळी चारनंतर कोसळायला लागला. त्या एका दिवसात ऑकलंड विमानतळावर 245 मिलीमीटर पावसाची नोंद झाली. शहरात आणि परिसरात मिळून चार माणसं गेली, त्यांतली दोन याच वायराऊच्या खोऱ्यात.

बाबा आणि मुलं घरी होते. सहाच्या सुमाराला बदकांचं पाणी हिरवळीवर आलं. बाबांना आधी गंमत वाटली, फोटोही काढला. वीस मिनिटांत ते गॅरेजच्या दाराला लागलं. खालच्या खोलीत गुडघाभर पाणी झालं तेव्हा ते मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर गेले, आणि थोरली म्हणाली, “बाबा, बॅग.”

गॅरेजमध्ये दोन न उघडलेल्या बॅगा होत्या. एकीत गोधड्या, कुरडया-पापड, मिक्सरची भांडी. दुसरीत शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, सगळी मूळ प्रत. “घर लागलं की नीट फाईल करू” म्हणून ठेवलेली.

आईची बस अर्ध्यात थांबली, मोटरवे ठिकठिकाणी पाण्याखाली होता. शेवटचा टप्पा चढावरच्या रस्त्यांनी चालत ती रात्री साडेदहाला घराच्या कोपऱ्यापर्यंत पोचली. शहरात आणीबाणी जाहीर झाल्याचं लोकांना कळलं तेही रात्री दहानंतरच. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यानं त्यांना आपल्या वरच्या मजल्यावर घेतलं होतं. ओळख फक्त ‘गुड मॉर्निंग’पुरती होती.

पुढचे दिवस

कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, माणसांनी घरावर पिवळा कागद लावला, म्हणजे वापरावर निर्बंध. ग्लेनफील्डच्या चढावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानं आपली बैठकीची खोली दिली, तिथे हे चौघं अकरा दिवस राहिले.

भाड्याचं घर राहण्यालायक उरलं नाही तर भाडं थांबतं आणि भाडेकरू किमान दोन दिवसांची सूचना देऊन करार संपवू शकतो, असं तिथला कायदा सांगतो. घरमालकानं खळखळ केली नाही, बाँड पूर्ण परत मिळाला. सामानाचा विमा मात्र नव्हता. घराचा विमा मालकाचा असतो, सामानाचा आपला आपण काढायचा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

खरी धास्ती शाळेची होती. प्रवेशाला दोन दिवस झालेले, वर्ग सुरू व्हायचे आणि ज्या पत्त्यावर प्रवेश घेतला तो पत्ताच नाहीसा झालेला. आईनं दोन ईमेल लिहिले. पहिला पाठवला नाही. त्यात पत्ता बदलल्याचा उल्लेखच नव्हता. दुसऱ्यात सरळ लिहिलं: घर बुडालं, सध्या हद्दीबाहेर ओळखीच्यांकडे आहोत, पुढचं घर कुठे मिळेल माहीत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: प्रवेश घेतला तेव्हा तुम्ही तिथे खरोखर राहत होता, मुलीची जागा पक्की आहे, आणि गणवेश हवा असेल तर शाळेकडे जुने चांगले आहेत. पुरामुळे शाळा उघडण्याच्या तारखाही पुढे सरकल्या होत्या, त्यामुळे तिचा एकही दिवस बुडाला नाही.

नवं घर शोधणं त्याहून कठीण गेलं. शेकडो कुटुंबं एकाच वेळी घर शोधत होती. आता हद्दीची सक्ती नव्हती, तरी त्यांनी हद्दीतच पाहिलं, कारण धाकट्याला चालत जाता येईल अशी शाळा हवी होती. गंमत अशी की फॉरेस्ट हिलचं ते तपकिरी गालिच्याचं घर अजून रिकामं होतं. भाडं मात्र 690 वरून 740 झालेलं.

निष्पत्ती

थोरलीनं 2023 मध्ये पहिली पातळी पूर्ण केली. गणितात ती वर्गाच्या पुढे होती. इंग्रजीत मात्र आपलं मत मांडून ते पुराव्यानं टिकवायचं, हे पुण्याच्या ‘प्रश्नाखाली उत्तर’ पद्धतीत तिनं कधी केलं नव्हतं. पहिल्या निबंधावर ‘नॉट अचीव्ह्ड’ आलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. शिक्षिकेनं पुन्हा लिहायला दिलं, हे तिला आधी दया वाटली, मग कळलं की पद्धतच तशी आहे.

धाकटा सगळ्यांत लवकर रुळला. महिन्याभरात शाळेतून अनवाणी घरी यायला लागला. तिथली पोरं तशी फिरतात, आजींना व्हिडिओवर ते पाहून “चप्पल घ्यायलाही पैसे उरले नाहीत का?” असं वाटलं.

बाबांना काम मिळायला पाच महिने लागले, तेही हिशेबाचं नाही, वायराऊ व्हॅलीतल्या एका गोदामात. वर्षभरानं त्याच कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसले. त्या पाच महिन्यांत घरात काय झालं ते त्यांनी मला सांगितलं आहे, पण लिहू नको म्हणाले.

कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रती काढायला पुण्यातल्या आत्याचे सात हेलपाटे झाले. जन्मदाखले सहज मिळाले, शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घर घेताना कौन्सिलचा जिओमॅप्स हा नकाशा उघडायला हवा होता. पुराचं क्षेत्र आणि पावसाचं पाणी ज्या वाटेनं वाहतं ती वाट, दोन्ही त्यावर रंगवलेली असतात, आणि तो तेव्हाही सगळ्यांना फुकट पाहता येत होता. झोनचा नकाशा तीनदा पाहणाऱ्या, त्यातही इंजिनियर असलेल्या बाईनं हा नकाशा का पाहिला नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, “कारण मला ते घर हवं होतं.” चढावरचं घर तिनं नाकारलं ते शाळेसाठी नव्हे, पुळणीच्या चौदा मिनिटांसाठी. शाळा दोन्हीकडून सारखीच मिळत होती.

दहावी सोडण्याबद्दल माझं आणि बाबांचं एकमत नाही. ते म्हणतात, चूकच झाली, कारण उद्या भारतात परतायचं ठरलं तर हाती दहावीचं प्रमाणपत्र नाही आणि समकक्षतेच्या कागदांमागे धावावं लागेल. मला निर्णय बरोबर वाटतो, रीत चुकीची. थोरली एकदा सहज म्हणाली, “मला द्यायची होती दहावी. नापास व्हायला नाही, द्यायला.” दहा वर्षं ज्या परीक्षेच्या नावानं धाक घातला, ती परीक्षा एका संध्याकाळी रद्द झाली आणि तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी निर्णय कदाचित हाच झाला असता.

मूळ कागदपत्रं हातातल्या पिशवीत, स्कॅन प्रती फोनमध्ये आणि एक संच पुण्यात. सामानाचा विमा पहिल्याच आठवड्यात. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आणि पहिला ईमेल न पाठवणं, ही या प्रकरणातली सगळ्यात चांगली कृती होती. पत्ता लपवला असता आणि पुढे कळलं असतं तर खरोखर घडलेली गोष्टही बनाव वाटली असती.

ऑक्टोबर 2023 मध्ये आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, ते घर दाखवा. घर बंद होतं, पाणी तळाशी, बदकं होती. आजींनी दोन्ही काठ पाहिले, कुंपणाच्या जाळीत वरपर्यंत अडकलेलं वाळलं गवत पाहिलं आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, “ओढाच आहे.”

आता हे कुटुंब विकत घर घेण्याच्या विचारात आहे. सून घराच्या लिंका सगळ्यांना पाठवते. फोटो, खोल्या, किंमत, झोन. पुण्याहून आजींचं प्रत्येक लिंकला एकाच शब्दाचं उत्तर येतं: “ओढा?” मागच्या खेपेला सुनेनं फोटोंच्या आधी नकाशाच पाठवला.